बॉइसीच्या टेकडीवरचं गिधाड

गिधाड बघायला कधी तिकीट काढावं लागेल, असं लहानपणी कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. गावाबाहेरच्या ढोरफोडीवर मेलेला बैल ओढून नेला की आभाळातून एकेक ठिपका मोठा होत खाली यायचा, आणि बघता बघता नुसते सांगाडे उरायचे. आम्ही नाक दाबून लांबून बघत असू. फुकट.

यंदा लेकीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा जावयांनी आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहराबाहेर, एका उघड्याबोडक्या टेकडीवर नेलं. ‘वर्ल्ड सेंटर फॉर बर्ड्स ऑफ प्रे’. हे केंद्र चालवणारी ‘पेरेग्रीन फंड’ ही संस्था १९७० साली टॉम केड यांनी सुरू केली, ती बहिरी ससाण्यासाठी. डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाण्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ होत की उबवायला बसलेल्या मादीच्या भारानेच फुटत. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा वापर जवळपास बंद केला, बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली, आणि १९९९ मध्ये ससाणा तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर आला. ती गोष्ट सुफळ संपूर्ण झाली. माझे पाय अडले ते पुढच्या पिंजऱ्यापाशी.

आत कॅलिफोर्निया काँडोर, म्हणजे तिकडचं भलंमोठं गिधाड, बसला होता. पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर, डोकं मात्र केशरी-गुलाबी आणि तुळतुळीत.

“आजोबा, याला तुमच्यासारखं टक्कल का?” नातीने विचारलं.

मान पार मढ्यात खुपसून जेवायचं म्हटल्यावर पिसं नसलेलीच बरी, शिवाय उघड्या कातडीतून उष्णताही बाहेर टाकता येते, असं मी सांगितलं. माझ्या टकलाचं कारण तिने पुढे विचारलं नाही.

१९८२ साली असे पक्षी जेमतेम २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोरही पकडून आणला, तेव्हा सगळे मिळून २७. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही बहुधा वर्षाआड. मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती वापरली. पहिलं अंडं काढून यंत्रात उबवायला ठेवलं की मादी बऱ्याचदा दुसरं घालते. यंत्रात निघालेल्या पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून भरवायचं. आज जगात पाचशेहून अधिक काँडोर आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त मोकळे. तरीही ते मरतात, शिशाने. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात, त्यात गोळीचे बारीक कण असतात. काँडोरच्या पोटातल्या तीव्र आम्लात ते विरघळून रक्तात जातात.

तिथल्या फलकावर हे वाचताना मला आमची ढोरफोडी आठवत होती, आणि पुढे जे कळलं त्याने मी चकितच झालो. आपली गिधाडं कशाने मेली, हे कोडं याच संस्थेच्या पथकाने सोडवलेलं. नव्वदच्या दशकात भरतपूरला पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडं माना टाकून बसलेली आणि मरताना पाहिली, तेव्हा सगळ्यांचा संशय विषाणूवर होता. पेरेग्रीन फंडसाठी पाकिस्तानी पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या पथकालाही विषाणू सापडेना. मेलेल्या गिधाडांच्या काळजा-यकृतावर मात्र खडूची पूड पसरल्यासारखं युरिक आम्ल साचलेलं होतं. म्हणजे मूत्रपिंडं बंद पडलेली. शेवटी त्यांनी गुरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते गाठले आणि विचारलं, अलीकडे जनावरांना काय देता? उत्तर आलं, डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्या-सुजेवरचं औषध. असं युरिक आम्ल साचलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, सगळ्यांत ते औषध निघालं. तसं न साचलेल्या १३ गिधाडांत एकातही नाही. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

शंभरातल्या एखाद्याच मढ्यात हे औषध असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर गिधाडांची अख्खी पंगत बसते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक हाताशी होतं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद कराव्या लागल्या.

परतताना गाडीच्या काचेतून दोन टर्की गिधाडं घिरट्या घालताना दिसली. दिसायला आपल्या गिधाडांची भावंडं, पण कूळ वेगळं. आपल्या गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपट डायक्लोफिनॅक दिलं तरी त्यांना काही झालं नाही, असं प्रयोगात दिसलंय.

आपल्या गिधाडाला मात्र वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅमही जास्तच होतं. रात्री गुडघा ठणकायला लागला म्हणून भारतातून आणलेली गोळ्यांची पट्टी काढली, आणि चष्मा लावून पहिल्यांदाच तिच्यावरचं नाव नीट वाचलं. पन्नास मिलिग्रॅम. पाच किलोची दहा गिधाडं.

नात म्हणाली, “आजोबा, गोळी घ्या ना, पाणी आणलंय.”