फोक्सवॅगनची जुनी व्हॅन उंच का होती?

या व्हॅनच्या उंचीचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मन सैन्याची क्युबेलवॅगन चिखलात रुतू नये म्हणून तिच्या मागच्या चाकांपाशी एकेक छोटी गिअरपेटी बसवलेली असे. ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, चाकाच्या मध्यापेक्षा वर राही आणि गाडीचं पोट जमिनीला लागत नसे. डच आयातदार बेन पॉन यांनी एप्रिल १९४७ मध्ये व्हॅनचं कच्चं रेखाटन केलं, मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला उत्पादन सुरू झालं, आणि हीच रचना व्हॅनमध्ये आली. २५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पाऊण टन माल ओढायचा होता. या जादा गिअरमुळे चाकांना जोर मिळे.

हौसेखातर ही व्हॅन खाली उतरवणं, म्हणजे बसकी करणं, हे नुसतं स्प्रिंग कापणं नव्हे. तिला कॉइल स्प्रिंग नव्हत्याच. पुढे दोन आडव्या नळ्यांत पोलादी पात्यांचे जुडगे पिळले जातात आणि तेच स्प्रिंगचं काम करतात. नळी मध्ये कापून तिथे कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टर वेल्ड केला की पुढची बाजू हवी तेवढी उतरते. मागे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी, खाचांतून काढून फिरवून बसवायची. दोन टोकांच्या खाचांची संख्या वेगवेगळी असल्याने बारीक फरकही साधतो.

खरी उतरण मिळते ती गिअरपेट्या काढून फोक्सवॅगनच्याच बीटल मोटारीसारखा सरळ ॲक्सल बसवल्यावर. मात्र या पेट्या फिरण्याची दिशा उलटी करत. मुख्य गिअरबॉक्समधलं क्राउन व्हील, म्हणजे ॲक्सल फिरवणारं मोठं दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला घेतलं नाही, तर व्हॅनला चार गिअर मागे जायचे आणि एकच पुढे जायचा! शिवाय चढावर ओढ कमी होते. हा स्विंग ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपाशी सांधलेला आणि चाकासह वरखाली झुलणारा ॲक्सल, असल्याने गाडी उतरली की चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. माझ्या मते बसक्या रूपासाठी ही किंमत मोठी आहे. निदान आखूड शॉक ॲब्सॉर्बर तरी घालावेत.

कॅलिफोर्नियात १९५८ पासून कायद्याचीही अट होती: गाडीचा कुठलाही भाग रिमच्या तळाखाली येता कामा नये. लोरायडर, म्हणजे जमिनीलगत उतरवलेल्या गाड्या हौसेने सजवणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांना तिचा जाच झाला. ती अट १ जानेवारी २०२४ पासून गेली.

१९६७ साली व्हॅनची दुसरी पिढी आली तेव्हा खुद्द कंपनीनेच गिअरपेट्या आणि स्विंग ॲक्सल दोन्ही काढून टाकले. १९७९ च्या तिसऱ्या पिढीत कॉइल स्प्रिंग आल्या आणि नळ्या कापण्याचं काम संपलं.