माँट्रिअल कलासंग्रहालयातील चोरी (1972)

कॅनडाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी कलाचोरी. 4 सप्टेंबर 1972 रोजी मध्यरात्रीनंतर तीन सशस्त्र चोरांनी माँट्रिअलच्या ललितकला संग्रहालयातून 18 चित्रे आणि काही दागिने व छोट्या कलावस्तू पळवल्या. मालाची किंमत तेव्हा सुमारे 20 लाख डॉलर धरली गेली. या प्रकरणात आजवर एकालाही अटक झालेली नाही.

छतावरच्या एका काचेच्या झरोक्याची दुरुस्ती चालू होती आणि त्यामुळे तिथली धोक्याची घंटा बंद होती. चोर नेमके त्याच झरोक्यातून दोरावरून आत उतरले. आतली खबर कोणीतरी दिली असावी, हा संशय तेव्हापासून आहे. पहारेकऱ्यांना बांधून घातल्यावर चित्रांची निवड सावकाश झाली. माल संग्रहालयाच्याच गाडीतून न्यायचा बेत मात्र फसला: बाजूचे दार उघडताना घंटा वाजली आणि चोर हाती लागेल तेवढे घेऊन पायीच पळाले. बाजूला काढलेली बरीच चित्रे जागीच राहिली. गेलेल्यांत रेम्ब्राँचे झोपड्यांचे निसर्गचित्र सर्वांत मोलाचे. शिवाय देलाक्रवा, कॉरो, कूर्बे, गेन्झबरो यांची चित्रे होती.

पुढे चोरांनी खंडणी मागितली. माल आपल्याकडेच आहे हे पटवण्यासाठी यान ब्रूगेलच्या नावावर असलेले एक चित्र त्यांनी परत केले. पण वाटाघाटी फिसकटल्या. बाकीच्या चित्रांचा पत्ता नाही.

एवढ्या मोठ्या चोरीची चर्चा इतकी कमी का, याचे उत्तर बरेचसे त्या आठवड्यात सापडते. 1 सप्टेंबरला शहरातल्या एका नाइट क्लबला लागलेल्या आगीत 37 जण दगावले होते. दुसऱ्याच दिवशी शहरात कॅनडा-सोव्हिएत आइस हॉकी मालिका सुरू झाली. 5 सप्टेंबरला म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला. वर्तमानपत्रांत चित्रांसाठी जागा कुठून उरणार? अठरा वर्षांनी बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात झालेल्या चोरीला जी प्रसिद्धी मिळाली, तिचा अंशही माँट्रिअलच्या वाट्याला आला नाही.

विम्याच्या पैशांतून संग्रहालयाने रूबेन्सचे म्हणून बिबट्यांचे एक भव्य चित्र विकत घेतले. ते रूबेन्सच्या हातचे नसावे, अशी शंका नंतर बळावली आणि ते दालनातून उतरवण्यात आले.