मिनी ग्राइंडर : ओळख आणि सुरुवातीचा वापर

मिनी ग्राइंडर म्हणजे एका हातात मावणारं, मिनिटाला साधारण ५,००० ते ३५,००० फेरे फिरणारं विजेचं हत्यार. समोर बारकं कोलेट, म्हणजे दांडी आवळून धरणारी चिमटी असते, त्यात ३.२ किंवा २.३५ मिमी दांडीचे बिट, दगड, ब्रश, कटिंगच्या चकत्या बसतात. विदर्भात गावाकडे नुसतं 'ग्राइंडर' म्हटलं की वेल्डिंगच्या दुकानातलं चार इंची अँगल ग्राइंडर समजतात, म्हणून याला मिनी. ऑनलाइन मागवणारी पोरं कंपनी कोणतीही असो सरसकट 'ड्रेमेल' म्हणतात. डाय ग्राइंडर हे वेगळं, ६ मिमी कोलेटचं आणि बऱ्याच जास्त ताकदीचं, पण दुकानदार दोन्ही एकाच नावानं देतो, त्यामुळे घेताना कोलेटचं माप विचारलेलं बरं. वापर सगळ्यांना माहीत आहेतच : तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचे कान आणि वशिंड घासणं, गंजून बसलेला बोल्ट कापणं, पितळेवर नाव टाकणं.

उगमाबद्दल एकमत नाही. फिरत्या टोकानं भोक पाडायची कला फार जुनी, बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वी गारगोटीच्या टोकांनी माणसाच्या दाढा कोरल्याचा पुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे नागपूरजवळच्या माहुरझरीला शिलावर्तुळांच्या काळात, म्हणजे ढोबळमानानं इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात, अकीक आणि कार्नेलियनचे मणी बनायचे, आणि एवढ्या कडक दगडात बारीक भोक फिरत्या टोकाशिवाय पडत नाही. पण हे झालं हातानं फिरवायचं, सुताराच्या सामत्याच्या, म्हणजे दोरीनं फिरवायच्या ड्रिलच्या घराण्यातलं. वेगाचं घराणं दातांच्या डॉक्टरकडून आलं असं एक मत आहे : अमेरिकेत १८७१ मध्ये जेम्स मॉरिसननं पायानं चालणाऱ्या डेंटल इंजिनचं पेटंट घेतलं, १८७५ मध्ये जॉर्ज ग्रीननं विजेवरच्या ड्रिलचं. दुसरं मत कारखान्याकडे बोट दाखवतं, जर्मनीतल्या आकरमान अँड श्मिट कंपनीनं १९२२ मध्ये लवचिक शाफ्टवर चालणारं हातातलं ग्राइंडर काढलं, त्यातूनच 'फ्लेक्स' हे नाव पडलं आणि जर्मन लोक आजही अँगल ग्राइंडरला फ्लेक्स म्हणतात. मोटर मुठीतच बसवलेल्या छोट्या टूलचं श्रेय सहसा विस्कॉन्सिनमधल्या रासीन गावच्या अल्बर्ट ड्रेमेलला देतात, कंपनी १९३२ ची, मोटो-टूल १९३४ चं, काही ठिकाणी १९३५ लिहिलेलं सापडतं. पण त्याच दशकात शिकागो व्हील कंपनीचं 'हँडी' ग्राइंडरही बाजारात होतं, म्हणून 'पहिलं ड्रेमेलच' हे वाक्य थोडं सैल धरावं. दात आणि कारखाना या दोन मतांत दाताचं मत जास्त पटतं, कारण बारीक बिट, पेनासारखी पकड आणि दाब न देता वेगावर काम करणं या तिन्ही गोष्टी तिकडे आधीच होत्या, आजचं वेगवान अँगल ग्राइंडर तर १९५४ चं म्हणजे नंतरचं भावंड. ड्रेमेल १९९३ पासून बॉशकडे आहे.

आता वेगाचं गणित, कारण नवखा माणूस फसतो तो इथंच. फेरे आणि काठाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी. ३.२ मिमीचा बिट ३०,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याचा काठ सेकंदाला फक्त ५ मीटर जातो. तेवढ्याच फेऱ्यांवर ३८ मिमीची चकती लावली की काठ सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास. चार इंची डिस्कवर ८० मीटर प्रतिसेकंद अशी मर्यादा छापलेली असते, म्हणजे १०० मिमी व्यासाला साधारण १५,३०० फेरे, आणि अँगल ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतं म्हणून ती तिथं टिकते. काही बहाद्दर हीच १६ मिमी भोकाची डिस्क नट-बोल्ट लावून डाय ग्राइंडरवर चढवतात. ३०,००० ला तिचा काठ १५७ मीटरवर जातो, डिस्क फाडणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो म्हणजे इथं मर्यादेच्या जवळजवळ चौपट, आणि मग ती फुटते. असा एक तुकडा आमच्या शेजारच्या टीनाच्या दारात रुतलेला पाहिला आहे, दार अजून तसंच आहे. म्हणून प्रत्येक बिटावर किंवा पाकिटावर लिहिलेले जास्तीत जास्त फेरे आधी वाचायचे, टूलचे नंतर. तारेच्या ब्रशला बऱ्याच कंपन्या १५,००० चीच मर्यादा देतात, त्यावर गेलं की तारा सुटून सुईसारख्या उडतात.

सुरुवात सागाच्या वाया गेलेल्या तुकड्यावर करावी, आणि तुकडा हातात न धरता वाईसमध्ये किंवा क्लॅम्पनं आवळून, कारण एका हातात टूल नि दुसऱ्यात काम असलं की बिट निसटल्यावर जातो तो दुसऱ्याच हातावर. प्लग काढल्याशिवाय बिट बदलायचा नाही. दांडी कोलेटमध्ये खोल घालायची, फार बाहेर ठेवली तर वेगात वाकते आणि एकदा वाकली की पाहता पाहता चाबूक होते. बिट बदलताना टूलचा दांडा अडवायला जे लॉकचं बटन असतं, ते फिरत असताना दाबायचं नाही. नवा बिट लावला की अंगापासून लांब धरून मिनिटभर रिकामं फिरवायचं, थरथर वाटली तर बंद. मग हलका हात, दाबायचं नाही, आवाज बसला म्हणजे दाब जास्त झाला. पातळ कटिंग चकती सरळ घालून सरळच काढायची, तिरकी केली की तुटते. कडेनं जाताना बिट ज्या दिशेला पळू पाहतो त्याच्या उलट सरकवायचं. ॲल्युमिनियमवर साधा दगड लावू नये, धातू त्याच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो.

डोळ्यावर बाजूनं बंद असलेला गॉगल हवाच, नंबरचा चष्मा चालत नाही. हातमोज्यांबद्दल दोन मतं आहेत. अँगल ग्राइंडरवर घट्ट चामड्याचे घालणारे बरोबरच, पण बारक्या बिटाजवळ सैल सुती मोजा गुंडाळला जातो आणि बोट सोबत घेऊन जातो, त्यामुळे इथं उघडा हात बरा वाटतो. विदर्भातला खरा धोका दुपट्ट्याचा. ४५ अंशांच्या उन्हात डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक गळ्यावरून सुटून खाली लोंबतं आणि काम वाकून करायचं असतं, तेव्हा टोक खोचून घ्यायचं नाही तर दुपट्टा काढून ठेवायचा, पदराचं आणि मोकळ्या वेणीचंही तेच. दगड, काच घासताना मास्क लागतो, सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. ठिणग्यांचं म्हणाल तर कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) रचल्या तिथं किंवा घरात कापूस भरलेला असताना लोखंड कापायला बसू नये, ठिणगी कापसात पडली तर आतल्या आत धुमसते आणि रात्री कळतं.

लाईनचाही, म्हणजे विजेचाही विषय आहेच. टूल चालू असताना लाईन गेली की माणूस ते तसंच खाटेवर ठेवून चहाला जातो, बटन चालूच राहतं, आणि लाईन आली की टूल खाटेवर नाचत फिरतं. म्हणून लाईन गेली की आधी बटन, मग प्लग. व्होल्टेज कमी असलं की फेरे पडतात, काम होईना म्हणून माणूस दाबतो आणि मोटर तापते, अशा वेळी थांबलेलं बरं. बहुतेक छोट्या टूलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, म्हणजे डबल इन्सुलेशन, त्याला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. पण सॉकेटमध्ये दोन वायरी काडी खोचून बसवल्या तर त्या चिन्हाचा काही उपयोग नाही. बॅटरीवरच्या टूलला हे त्रास नाहीत, ताकद मात्र सहसा कमी.

कटिंग डिस्क राळेनं बांधलेल्या असतात आणि पावसाळ्यात ओल धरून कमजोर होतात. मधल्या लोखंडी कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती मुदतीची तारीख, बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची. टिचकी मारून खणखणीत आवाज आला म्हणजे चांगली, ही लोहाराकडची पारख बेंच ग्राइंडरच्या भाजलेल्या दगडाला लागू पडते, राळेच्या पातळ डिस्कचा आवाज तसाही बदबदच येतो, तिला तारीख आणि कडेचे तडे पाहावे लागतात.