टॅलसमधली काळी रेघ

एक्स-रेमध्ये हाड जितके पांढरे दिसेल तितके ते ठणठणीत, असा सर्वसाधारण समज आहे. घोट्यातले टॅलस हे हाड मोडून दीड-दोन महिने झाले की मात्र अस्थिशल्यचिकित्सक त्याच्या नेमके उलट काहीतरी शोधत असतात.

नडगी आणि टाच यांच्या हाडांमध्ये बसलेल्या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा सुमारे ६० टक्के पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडीच उरते. महत्त्वाच्या वाहिन्या हाडाच्या अरुंद मानेपाशी शिरून मागे धडाकडे, म्हणजे हाडाच्या मुख्य भागाकडे, जातात. गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनी फुटली की आतल्या घरांचे नळ कोरडे पडतात, तसेच मान मोडली की धडाचे होते. पहिल्या महायुद्धात विमान कोसळल्यावर वैमानिकांना हीच इजा होत असे, आणि १९१९ मध्ये अँडरसन यांनी तिची नोंद केली.

लेलँड हॉकिन्स यांनी १९७० मध्ये तुकडे किती सरकले यावरून या अस्थिभंगाची वर्गवारी केली. मान जागच्या जागी तडकली असेल तर धड मृत होण्याचा धोका कमी असतो. धड वरच्या आणि खालच्या दोन्ही सांध्यांतून निखळले असेल तर तो फार मोठा असतो. धड जगले की नाही, हे कळते ते हाडाच्या झिजण्यावरून. पायावर भार पडेनासा झाला की जिवंत हाड विरळ होऊ लागते, पण ते विरळ करणाऱ्या पेशी रक्ताबरोबरच येतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी समोरून काढलेल्या एक्स-रेत टॅलसच्या घुमटाच्या, म्हणजे वरच्या गोलसर भागाच्या, कडेखाली बारीक काळसर रेघ उमटली, तर रक्त पोहोचते आहे असे समजावे. हीच हॉकिन्सची खूण. मेलेले हाड झिजूही शकत नाही; भोवतालची हाडे विरळ होत असताना ते एकटेच पांढरेफटक राहते. अर्थात, रेघ दिसली नाही म्हणजे हाड मेलेच असे नव्हे. अशा वेळी एमआरआय करतात आणि हाड जोडायला बसवलेले स्क्रू टायटॅनियमचे असतील तर त्यातली प्रतिमा कमी बिघडते.

निखळलेला सांधा तातडीनेच जागेवर आणावा लागतो, कारण आतून ताणलेली कातडी मरू लागते. हे तास हाडवैद्याकडे तेल चोळून घेण्यात घालवणे महागात पडते. स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रियाही पूर्वी काही तासांत उरकावी असे मानत, परंतु बंद, म्हणजे कातडी न फाटलेल्या, अस्थिभंगात आता सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबता येते. रक्तपुरवठ्याचे भवितव्य बहुतांशी इजेच्या क्षणीच ठरलेले असते, आणि सुजलेल्या कातडीत छेद घेतला तर जखम उकलून जंतुसंसर्ग होऊ शकतो. छेद बहुधा दोन्ही बाजूंनी घेतात. आतल्या बाजूचा चुरा नजरेतून सुटला तर मान वाकडी जुळते आणि रुग्ण पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो.

कोविडनंतर खुब्याच्या निमित्ताने ‘एव्हीएन’ (रक्तपुरवठा तुटल्याने हाड मरणे) हा शब्द घरोघरी पोहोचला, पण टॅलसच्या रुग्णांना त्याहून अधिक वेळा छळतो तो टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सांध्याचा संधिवात. औषधांनी भागले नाही तर तो सांधा कायमचा जोडून टाकतात. वेदना बरीच कमी होते, सपाट रस्त्यावर फारसे अडत नाही. शेताच्या बांधावर मात्र पाऊल आत-बाहेर कलत नाही, त्यामुळे जपून चालावे लागते.