हस्तनिर्मित पाइपांचा संग्रह

तंबाखू ओढण्यासाठी हाताने घडवलेले पाइप आणि चिलमी जमवणे, त्यांचा काळ व कारागीर ओळखणे आणि त्या जपणे, असा हा छंद. पाइपाचे भाग तीन : तंबाखू भरायची वाटी, धूर वाहून नेणारी दांडी आणि दातांत धरायची मुखनळी. यंत्रावर एका मापाचे हजारो पाइप निघतात. संग्राहक शोधत असतो तो मात्र लाकडाचा एखादा तुकडा उलटसुलट पाहून, त्याच्या रेषांच्या कलाने घडवलेला पाइप. त्यासाठी स्वतः धूम्रपान करावे लागत नाही. गोव्यातल्या संग्राहकाला पाइप मिळवण्यापेक्षा तो टिकवण्याचे कष्ट अधिक पडतात, आणि या छंदाची खरी परीक्षाही तिथेच होते.

तंबाखू भारतात आणली पोर्तुगीजांनी. ‘तंबाखू’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘तबाकू’शी जोडला जातो, आणि पाइपाला पोर्तुगीजमध्ये ‘काशिंबू’ म्हणतात. गोवा १५१० पर्यंत विजापूरच्या आदिलशाहीकडे होता, पुढेही दोन्ही मुलखांत येजा राहिली. त्यामुळे दख्खनमध्ये तंबाखू लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग याला ती विजापुरातच प्रथम दिसली. १६०५ च्या सुमारास त्याने ती आग्र्याला नेली, सोबत एक चिलीमही नेली. तिचे त्याने केलेले वर्णन संग्राहकाने मुद्दाम वाचावे असे आहे : सुमात्रातील अचीनची, तीन हात लांब, वाळवून रंगवलेली नळी, दोन्ही टोकांना रत्ने व मीनाकारी, आणि तोंडाशी येमेनी अकीक. बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि हकीम काळजीत पडले. तंबाखू ओढण्याच्या साधनाकडे कलावस्तू म्हणून पाहिल्याची, आपल्या परिसराशी जोडलेली याहून जुनी नोंद प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. पुढे ब्राझीलच्या बाइया प्रांतातली तंबाखू जहाजांनी गोव्यात येऊ लागली आणि तिचा मक्ता हे पोर्तुगीज सरकारचे मोठे उत्पन्न झाले.

संग्रहात सर्वांत जुने नमुने असतात ते पांढऱ्या मातीच्या लांब दांडीच्या पाइपांचे. हॉलंडमधले खौदा हे शहर त्यांसाठी प्रसिद्ध होते. हे पाइप स्वस्त, ठिसूळ आणि चार दिवसांत मोडणारे, म्हणूनच पुरातत्त्वज्ञांच्या फार उपयोगाचे ठरले. सतराव्या शतकाच्या आरंभी दांडीतले भोक सुमारे साडेतीन मिलिमीटरचे असे, अठराव्याच्या अखेरीस ते दीड मिलिमीटरवर आले. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले आणि दांडीच्या तुकड्यावरून काळ ठरवणे शक्य झाले. मोडका तुकडा म्हणून तो फेकू नये, हे नव्या संग्राहकाला पहिल्यांदा सांगावे लागते.

मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचे कोरीव पाइप तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरकडचे. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ समुद्राचा फेस. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळते ते निराळे : ते माणकी या समुद्री जीवाचे हाड, गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीनंतर वाळूत पडलेले दिसते. वापरात असलेला मीरशॉम हळूहळू मधाच्या रंगाचा होत जातो. काळ ठरवताना हा रंग पाहतात, पण रंग मुद्दाम चढवताही येतो.

छंदाचा गाभा मात्र ब्रायर. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते. ती तासन्‌तास उकळून, मग महिनोन्‌महिने वाळवून पाइपाचे लाकूड तयार होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले सँ-क्लोद हे गाव त्याचे केंद्र झाले. विसाव्या शतकात कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इव्हार्सन (१९१०–२००१) यांनी ठरलेले आकार बाजूला सारले आणि लाकडाच्या रेषा जिकडे वळतील तिकडे आकार वळवला. आजच्या बहुतेक नामांकित कारागिरांवर त्यांची छाप आहे, जपानी कारागीरही त्याला अपवाद नाहीत.

चांगला पाइप हातात आल्यावर तो असा पाहावा. वाटी उजेडात फिरवावी : एका बाजूने सरळ उभ्या रेषा आणि आडव्या छेदात बारीक ठिपके दिसले तर तुकडा जाणून कापलेला आहे. कुठे रंग सपाट वाटला तर नख फिरवावे, तिथे खड्डा लपवायला लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. मग पाइप साफ करायची लोकरी तार मुखनळीतून आत सोडावी. मुखनळी न काढता तार थेट वाटीच्या तळाशी, मधोमध निघाली तर कारागिराचा हात स्थिर होता. ती सांध्यावर अडखळत असेल तर वरची झिलाई कितीही देखणी असो, पाइप दुय्यम. दांडीवर चांदीची कडी असेल तर भिंगातून छाप पाहावेत : नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे डोके म्हणजे लंडन, आणि शेजारच्या अक्षरावरून वर्ष लागते.

गोव्यातले जुने पाइप बहुधा घरांतूनच निघतात. जहाजावर नोकरी केलेले तारवटी, आफ्रिकेत किंवा लिस्बनला राहून आलेली माणसे यांच्या पेट्यांत ते असतात. चिलमीची गोष्ट वेगळी. कुंभाराच्या भट्टीतली मातीची चिलीम, आत अडवायला खडा, तोंडाशी ओल्या फडक्याची छापी, हा सरंजाम गावोगाव परिचित होता आणि त्याला कोणी संग्रहाची वस्तू मानत नसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणे किनाऱ्यावर उतरलेल्या पाश्चात्त्य तरुणांनी ती उचलली. त्यांच्यातल्या काहींनी, विशेषतः इटालियनांनी, ती इतकी नितळ घडवली की आज या चिलमी स्वतंत्रपणे जमवल्या जातात. त्यांचा संबंध चरसाशी होता हे लपवण्यात अर्थ नाही. १९८५ च्या कायद्याने चरस आणि गांजा दोन्ही बंद झाले. पण परदेशी हाताच्या चिलमीला काचेचे कपाट आणि डिचोलीच्या कुंभाराच्या चिलमीला उकिरडा, हा न्याय बरा नव्हे. आकार मूळचा कुंभाराचाच आहे.

कायद्याची थोडी माहिती हवी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, म्हणून हस्तिदंती मुखनळी असलेला पाइप विकत घेऊ नये. सार्वजनिक जागी धूम्रपानाला गोव्यात १९९७ च्या स्वतंत्र कायद्याने मनाई आहे.

उरते ती हवा. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि वर खारा वारा. मृगाच्या सरी लागल्या की पंधरा दिवसांत ब्रायरच्या वाटीत पांढरी बुरशी धरते. चांदी काळवंडते. एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, काळी मुखनळी हिरवट तपकिरी पडते आणि तिला गंधकाचा वास येतो. अ‍ॅक्रिलिकला हा त्रास नाही. जाणती माणसे पाइप मखमलीच्या पेटीत बंद करत नाहीत, कारण कापड ओल धरते. ती मुखनळी वेगळी काढतात, दोन्ही भाग सुती कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि पुड्या दर आठवड्याला बदलतात. चवथीनंतर उघडीप मिळाली की डबे उघडायचे, पण पाइप सावलीतच वाऱ्यावर ठेवायचे : एबोनाइटला ऊन ओलीइतकेच वाईट.