चेहरा नसलेलं पोर्ट्रेट (रने माग्रीत, १९३७)

बेल्जियमचा सर्रियलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी, तर्कात न बसणारी दृश्यं रंगवणाऱ्या पंथातला चित्रकार रने माग्रीत (१८९८-१९६७) याने एडवर्ड जेम्स या गडगंज इंग्रजाचं काढलेलं तैलचित्र. चित्राच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'नक्कल करायला मनाई'. साइज सुमारे ८१ बाय ६५ सेंमी, म्हणजे फार मोठं नाही.

जेम्स (१९०७-१९८४) स्वतः कविता करायचा, पण आज लोकांना माहीत आहे तो सर्रियलिस्टांच्या मागे पैसा उभा करणारा म्हणून. इंग्लंडच्या ससेक्स भागातली वेस्ट डीन ही इस्टेट त्याला वारशाने मिळाली होती, आणि सर्रियलिस्ट चित्रकार साल्वादोर दालीचा तो लॉब्स्टरवाला टेलिफोन आणि मे वेस्ट या हॉलिवूडच्या नटीच्या ओठांच्या आकाराचा सोफा त्याच्यासाठीच बनले. १९३७ मध्ये त्याने माग्रीतला लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवरच्या आपल्या घरी राहायला बोलावलं आणि बॉलरूमसाठी, म्हणजे नाचाच्या दालनासाठी, चित्रं काढून घेतली. हे पोर्ट्रेटही त्याच वर्षीचं.

चित्रात काय आहे तर गडद सुटातला एक माणूस आपल्याकडे पाठ करून आरशासमोर उभा आहे, केस नीट विंचरलेले, आणि आरशात चेहरा दिसायला हवा तिथे परत त्याची पाठच दिसते, तीच मान, तेच केस. खरी गंमत मात्र उजवीकडे खाली आहे. तिथे संगमरवरी फळीवर एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाच्या आर्थर गॉर्डन पिमवरच्या कादंबरीची फ्रेंच प्रत ठेवलीय आणि तिचं प्रतिबिंब अगदी बरोबर पडलंय, अक्षरं उलटी, जशी असायला हवीत तशी. म्हणजे आरसा बिघडलेला नाही, फक्त माणसाच्या बाबतीतच तो नकार देतो. हे पुस्तक तिथे नसतं तर चित्र नुसतं कोडं वाटलं असतं असं मला वाटतं, पुस्तकामुळे अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी माग्रीतने जेम्सचं अजून एक पोर्ट्रेट केलं, 'सुखतत्त्व' म्हणता येईल असं नाव, त्यासाठी मॅन रे या फोटोग्राफरने काढलेला फोटो वापरला. त्यात माणूस टेबलाशी समोर तोंड करून बसलाय पण डोक्याच्या जागी नुसता लख्ख उजेड, फ्लॅश उडाल्यासारखा. म्हणजे दोन पोर्ट्रेटं आणि दोन्हीत चेहरा नाही, तरी ती जेम्सचीच म्हणून ओळखली जातात. हे दुसरं चित्र नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात जवळपास २ कोटी ६८ लाख डॉलरला गेलं.

आरशाचं चित्र आता नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या बॉयमान्स फान ब्यूनिंगन म्युझियमच्या संग्रहात आहे.