लिपिओडॉल आणि लिपोसोमल: डॉक्सोरुबिसिन तेच, उपचार वेगळा

यकृताच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या कागदावर असतं ‘टेस, डॉक्सोरुबिसिन + लिपिओडॉल’. टेस (TACE) म्हणजे गाठीच्या धमनीत औषध सोडून ती वाट बुजवणं, आणि डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या मेडिकलपर्यंत येईस्तोवर निफाडहून आलेला पुतण्या विचारतो, “दादा, लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन आहे का?” काउंटरवरच्याने नुसतं ‘आहे’ म्हटलं की झाली पंचाईत.

लिपिओडॉल हे तेल आहे. खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून १९०१ साली फ्रान्समध्ये केलेलं. (हो, अनारशांवर लावतो तीच खसखस.) आयोडीनमुळे ते एक्स-रेत उठून दिसतं. टेसमध्ये मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी यकृताच्या धमनीत नेतात, डॉक्सोरुबिसिन या तेलात घुसळून थेट गाठीकडे जाणाऱ्या फांदीत सोडतात आणि बहुधा जिलेटिनच्या कणांनी ती वाट बुजवतात. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते; म्हणून गाठीची रसद तुटते आणि यकृत तगतं. पोर्टल शीरच गुठळीने तुंबली असेल तर हा हिशोब बिघडतो, त्यामुळे आधी सीटी बारकाईने बघतात. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ होते.

लिपोसोम म्हणजे चरबीच्या पडद्याची सूक्ष्म पिशवी, साधारण १०० नॅनोमीटरची. औषध तिच्या आत. लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन हाताच्या शिरेतून, डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून देतात. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. अंडाशयाच्या कॅन्सरला ते वापरतात. हृदयाला त्रास कमी, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू शकतात.

“लिपोसोम यकृतातच जातात म्हणे, मग चांगलंच की!” इथे फसगत होते. जातात खरे, पण तिथल्या कुप्फर पेशी त्यांना परकं समजून गिळतात. गाठीत शिरणं वेगळं. गाठ रेडिओलहरींनी जाळताना उष्णतेने उघडणारे लिपोसोमही यकृताच्या कॅन्सरसाठी वापरून पाहिले. तिसऱ्या टप्प्यातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१३ आणि २०२० मध्ये, अपेक्षित फायदा दिसला नाही.

साधं डॉक्सोरुबिसिन स्वच्छ लाल दिसतं, लिपोसोमल जरा धूसर. दोघांचे डोस वेगळे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. बाटलीवर ‘लिपोसोमल’ आहे आणि चिठ्ठीवर नाही, तर पैसे देण्याआधी डॉक्टरांना फोन लावा.